भाकड गाईंची सावली

मौजे मखमलाबाद, तालुका नाशिक
सोमवार, वैशाख वद्य पंचमी, शके १८५८

गुलजारबीस चंद्रभागेचा सलाम आणि नमस्कार. त्यातला जो गोड लागेल तो घे, पण एक तरी घे.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे उन्हानं करपलोय, पण जागच्या जागी आहोत. सासूबाईंचे गुडघे बोलतात आणि गुडघ्यांहून त्या जास्त बोलतात. आमचे हे सकाळी दूध घेऊन पंचवटीला जातात आणि ऊन चढायच्या आत परत येऊन पडवीत आडवे होतात. तुमच्या सटाण्याला तर आणखी तापत असेल. उन्हात तुझं डोकं धरायचं, ते आता कसं आहे? कांदा ठेवत जा उशाशी. नजीरभाईच्या घरात कांद्याला काय तोटा!

आता थोडं रेहानाला. पोरी, हे पत्र आईला तूच वाचून दाखवणार. तुला अक्षरं मी शिकवली, गोठ्याच्या ओट्यावर राख पसरून. त्या हक्कानं सांगते, यातली एक ओळ गाळायची नाही. आईला वाईट वाटेल म्हणून गाळशील, नाहीतर चंद्रामावशीची लाज राखायची म्हणून गाळशील. माझी शपथ आहे तुला.

गुलजारबी, परवा शनिवारी तुझा भाऊ नजीर कांद्याची गाडी घेऊन नाशिकला आला होता. बाजारात ह्यांची गाठ पडली आणि ह्यांनी त्याला ओढतच घरी आणलं. बसला नाही. पाणी दिलं तर उभ्यानंच प्यायला. मी विचारलं, गुलजारबी कशी आहे, तर म्हणाला, "ठीक हाय." मग जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, "वहिनी, ठीक कुठली? सटाण्यात तिला कुनी गोठ्यात पाय ठेवू देत नाय. नाशकाची बातमी तिच्या आधी तिथं पोचली. ‘तिना हात चांगला नही शे’ म्हणत्यात. आता मागवाल्यांकडं सुताच्या कांड्या भरत बसती दिवसभर."

तो गेला आणि मी तिथंच उंबऱ्याशी बसले. तू आणि कांड्या! आपल्या गोठ्यात कामाला होतीस तेव्हा गाईचा नुसता श्वास ऐकून सांगायचीस की ही आज व्यायची का उद्या, आणि तुला कुणी जनावराला हात लावू देत नाही.

म्हणून हे पत्र. खरं तर ते वर्षापूर्वीच लिहायला हवं होतं.

आधी आनंदाचं सांगते. यंदा आपल्या गोठ्यात चार गाई व्याल्या आणि चारही वासरं उड्या मारताहेत. चारही, गुलजारबी! गेल्या साली चारांतलं एकच वाचलं होतं, आणि ते कुणी वाचवलं हे तुला सांगायला नको. तांबडी, पांढरी, बानू आणि चांदी, चौघी भर उन्हाळ्यात व्याल्या. वासरं पडली ती चांगली भरीव, घटकाभरात आपल्या पायांवर उभी. गेल्या सालची आठवतात ना? नुसती कातडी आणि डोळे. मान उचलायची नाहीत, आचळ तोंडात दिलं तरी ओढायची नाहीत. आपण म्हणायचो, नजर लागली. कुणाची लागली ते शोधत बसायचो. उन्हाची लागली होती, आणि ते सगळ्या गावात तू एकटीच म्हणत होतीस.

तुझं माझं पहिलं भांडण त्यावरूनच झालं. आपल्या गोठ्याच्या छपराखाली सहा जनावरं मावतात. सासूबाईंच्या सासूपासूनचा रिवाज असा की दूध देते ती आत, आटली की बाहेर. मग ती गाभण का असेना, उकिरड्याच्या भिंतीला बांधायची, उरलासुरला कडबा पुढ्यात टाकायचा आणि व्यायला आली की आत घ्यायची. भाकडाला काय लागतं, असं आम्ही सगळेच म्हणायचो. दुपारी त्या भिंतीला हात लावला तर भाजायचा.

आणि तिथं आम्ही मड्डमला बांधली.

मड्डमचं नाव आलंच आहे तर रेहानाच्या मामीलाही कळू दे. देवळालीच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा ह्यांनी त्याची गाय आणली. अर्धी तिकडची, अर्धी इकडची. लाल-पांढरी, आखूड शिंगांची, अंगानं थोराड. तिचं मूळचं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण गावानं पहिल्या दिवशीच तिला मड्डम केलं. दिवसाला नऊ शेर दूध! आपल्या गाई तीन शेरांच्या वर कधी गेल्या नाहीत. गल्लीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून तिला बघायला यायच्या. पण ऊन म्हणजे तिचा काळ. चैत्र लागला की जीभ बाहेर, तोंडाला फेस, पोट भात्यासारखं हलतंय. एकदा पाण्याच्या डोणीत पुढचे दोन्ही पाय घालून उभी राहिली होती. मी पोट धरून हसले. तू हसली नाहीस.

ती गाभण राहिली, आटली आणि भिंतीला गेली. तू काय करायचीस? दुपारी आम्ही जेवून कलंडलो की गुपचूप दावी बदलायचीस. पांढरी बाहेर, मड्डम आत. चार दिवसांनी पांढरीचं दूध कमी भरलं आणि तुझी चोरी उघडी पडली. मी तुला फाडून खाल्लं. तेव्हा तू म्हणालीस, "वहिनी, दूध देनारीला सावली देता आन जिच्या पोटात जीव हाय तिला उन्हात बांधता. तिचं दूध आटलंय, पोट आटलंय का? ती दोन जीवांचं ऊन खातीया." मी काय म्हणाले तेही मला पाठ आहे. "गोठा तुझा का माझा?" असं म्हणाले. तू दावं माझ्या हातात दिलंस आणि शेण भरायला गेलीस.

यंदा माघातच मी ह्यांच्या मागं लागले. उकिरडा हलवला. भिंतीपुढं शेवरीच्या मेढी रोवून वर उसाच्या पाचटाचं छप्पर केलं, मावळतीच्या बाजूला ओली पोती टांगली. दुपारी दोनदा चौघींच्या पाठीवर पाणी, डोण काठोकाठ भरलेली, आणि हिरवं घातलं ते ऊन नसताना, पहाटे आणि तिन्हीसांजेला. रस्त्यानं जाणारे ह्यांना विचारायचे, "मांडव कशाचा? लगीन कुणाचं हाय?" सासूबाई म्हणायच्या, "भाकडांची बाळंतपणं चाललीत आमच्याकडं, डिंकाचे लाडू तेवढे ऱ्हायलेत." मी म्हटलं, करा की, मी वळते.

आणि दुसरं चिकाचं. वासरामागून वार पडते, ती पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचं नाही, हा तर सगळ्या गावाचाच नेम. आधी पाजलं तर वार वर चढते म्हणतात. मग ती पडायला कितीही वेळ लागो, वासरू आपलं तसंच उपाशी पडून. त्यानंतर पहिला चीक काढायचा, देवापुढं ठेवायचा, खरवस करून पाच घरी वाटायचा आणि मग उरेल ते वासराला. यंदा मी गाईनं वासरू चाटलं की लगेच तोंडाशी लावलं. पुंजाची आई म्हणाली, "अगं चंद्रे, चार गाई व्याल्या आन खरवस कुठं गेला?" म्हटलं, "वासरांच्या पोटात गेला. दिसतोय ना उड्या मारताना?" तिनं तोंड वाकडं केलं.

हे सगळं तुझं आहे, गुलजारबी. सकाळी चारही वासरं एकदम ढुशा द्यायला लागली की तू मागं उभी आहेस असं वाटतं. इतकं बरं वाटतं की रडूच येतं. तू नसतीस तर मी अजूनही नजर उतरवत बसले असते.

एक लिहायचं राहिलं. चांदी गेल्या गुरुवारी दुपारी व्याली. वासरू प्यायलं, पण वार अर्धी लोंबत राहिली. सासूबाई नेहमीसारखं जुनं पायताण आणि सुतळी घेऊन आल्या, वारेला बांधायला. ओझ्यानं ती लवकर उतरते, हा त्यांचा इलाज. ती सुतळी बघितली मात्र, मी त्यांच्या हातातून पायताण हिसकावलं आणि लांब फेकलं. "ऊन लागलं हिला," म्हणून त्यांनी मला पडवीत निजवलं. चांदीची वार दिवेलागणीला आपली आपण पडली, पुरी.

असो. भाकरी टाकायच्या राहिल्यात, उठते.

मंगळवार

भाकरी काल केव्हाच झाल्या होत्या. उठायला काहीतरी कारण पाहिजे होतं म्हणून तसं लिहिलं. पुढचं काय ते ठाऊक होतं आणि हात सरकेना.

रेहाना, हे सावकाश वाच.

मड्डम व्याली तो दिवस आठव, गुलजारबी. गेल्या सालचा वैशाख, भर दुपार. दिवस भरायच्या आत व्याली ती. हे दिंडोरीला पेंड आणायला गेलेले, सासूबाई लेकीकडे म्हसरुळाला. गोठ्यात तू आणि मी. वासरू पडलं ते हलेचना. तू त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढलास, पोत्यानं अंग खसाखसा चोळलंस, नाळेला हळद लावलीस. त्याचे कान गार होते, एवढ्या उन्हात! मी म्हणाले, वार पडू दे, मग पाजू. तू म्हणालीस, "वहिनी, वार पडस्तोवर हे ऱ्हात नाय." आणि माझ्याकडं न बघता वाटीभर चीक काढलास. बोट चिकात बुडवायचं आणि त्याच्या तोंडात द्यायचं, पुन्हा बुडवायचं, पुन्हा द्यायचं. मला वाटलं ते मेलं. मग त्यानं एकदा तुझं बोट ओढलं. तू अशी हसलीस! मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग तू मड्डमच्या अंगावर मारायला पाणी आणायला विहिरीवर गेलीस. मी एकटी राहिले. वार लोंबत होती. सासूबाई येतील, वासराला आधी पाजलंय हे बघतील, वार अडली म्हणतील आणि तुला घालवतील. त्या यायच्या आत वार पडली तर कुणाला काही सांगायलाच नको, असं मनात आलं. तुला वाचवायचं, एवढंच होतं डोक्यात. पायताण बांधून बघितलं, पण ते हलकं. मग मी आत गेले आणि वरवंटा आणला.

हो, वरवंटा. पाट्यावरचा, दगडाचा. सुतळीनं बांधला आणि सोडून दिला. मड्डमनं पाठ बाकवली, हुंकारली, आणि वार तुटली. अर्धी खाली आली, अर्धी आतच राहिली.

खाली पडली ती मी उचलली आणि उकिरड्यात पुरली. वरवंटा लपवला आणि मागाहून विहिरीत टाकला. तू हंडा घेऊन आलीस तेव्हा विचारलंस, "पडली का? पुरी?" मी म्हणाले, "पुरी." तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. मग मड्डमच्या मागं जाऊन शेपूट उचललंस आणि बघितलंस. संध्याकाळी लिंबाचा पाला उकळून तिला धुतलंस. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणालीस, "वहिनी, नाशकाहून ढोरांचा डाक्तर आना. आजच आना." मी ह्यांना सांगितलंच नाही. डॉक्टर आला असता तर त्यानं विचारलं असतं, वार कुणी ओढली म्हणून. कदाचित तो आला असता तर गाय वाचलीही असती. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. अंगात ताप आणि वरून ऊन. तिनं चारा सोडला, पाणी सोडलं. सहाव्या दिवशी सकाळी गेली.

वार आत अडली म्हणजे वासरू आधीच पाजलं असणार, असं धरून सासूबाई गल्लीत उभ्या राहून ओरडल्या, ह्या बाईनं वार पडायच्या आधी वासरू पाजलं आणि आमची गाय मारली म्हणून. त्यात तू मुसलमान, म्हणजे लोकांना बोलायला आणखीच सोपं. ह्यांनी मला विचारलं, "त्या वक्ताला गाईपाशी कोण व्हतं?" आणि मी म्हणाले, "गुलजारबीच होती." त्यावर ह्यांनी तुला ‘जा’ म्हटलं.

तू समोरच उभी होतीस, रेहानाचा हात धरून. तुला तोंड होतं, तू बोलू शकली असतीस. तू एवढंच म्हणालीस, "वासराला बकरीचं दूध द्या, वहिनी. त्याला सोडू नका." आणि गेलीस.

तुला वाचवायला म्हणून बांधलेला धोंडा मी तुझ्याच गळ्यात अडकवला. का? तर भ्याले. नऊ शेरांची गाय माझ्या हातानं गेली हे कळलं तर ह्या घरात माझं काय होईल, म्हणून भ्याले. दुसरं कारण नाही, आणि आता शोधत बसणार नाही.

वासराला मी सोडलं नाही. बकरीच्या दुधावर वाढवलं. कालवड आहे, आईसारखीच लाल-पांढरी, आणि ऊन चढलं की आईसारखीच धापा टाकते. मांडवात पहिली जागा तिची. तिचं तोंड कुरवाळताना दर वेळी तुझं बोट आठवतं मला.

बुधवार

काल लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. म्हटलं, झालं, उद्या पोस्टात टाकू. मग उमगलं की ह्यानं तुला काय मिळणार? तुला तर सगळं तेव्हाच ठाऊक होतं. ठाऊक नाही ते ह्या गल्लीला आणि सटाण्याच्या गोठेवाल्यांना. तुझ्या एकटीचीच माफी मागून मी मोकळी झाले तर पुन्हा मलाच वाचवलं की!

म्हणून आज सकाळी धारा काढून झाल्यावर सासूबाईंना आणि ह्यांना गोठ्यातच बसवलं आणि हे पत्र वाचलं, पहिल्या ओळीपासून. गुडघ्यांचं आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांवर काय लिवतीस गं?" मांडवाचं आलं तेव्हा हे हसलेसुद्धा. मग कालचं आलं. मी मान वर न करता शेवटपर्यंत वाचलं.

हे उठले आणि बाहेर गेले. सासूबाई बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी वरवंटा तू नेलाव्हतास. मी वरीसभर गोटीरामच्या बायकोला चोर म्हनतीया." मला हसावं का रडावं कळेना. तोवर त्याच रडायला लागल्या. "वझं बांधायचं मीच शिकवलं तुला," म्हणाल्या. "आन गल्लीत वरडले बी मीच." डोळे पुसले, काठी घेतली आणि निघाल्या. मी म्हटलं, "आत्ती, कुठं? ऊन लागंल." तर म्हणाल्या, "लागू दे. तिला बी लागलंच की."

विहिरीवर आल्या. पाणी भरायला सगळ्या बायका जमलेल्या. त्यांच्यापुढं काठी टेकून म्हणाल्या, "आयकून घ्या गं. गाय माझ्या सुनंच्या हातानं गेली आन बोल मी गुलजारबीला लावला. त्या बाईनं तर वासरू वाचवलं. ज्या ज्या घरात माझं पयलं बोलनं पोचलंय, तिथं हे बी पोचवा." मी त्यांच्या मागं उभी होते. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या आणि जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं, पण उभी राहिले. पुंजाची आई हंडा भरायची विसरली. तिथून सासूबाई गोटीरामच्या घरी गेल्या, वरवंट्याचं सांगायला.

हे दुपारी परत आले. जेवले नाहीत. कालवडीपाशी बसून राहिले. मग मला म्हणाले, "गाय गेली त्याचं दुख हायच. पर त्या बाईला ‘जा’ म्हनायला तू माझं तोंड वापरलंस, ते माझ्या जिवाला लागलंय." त्यांच्याशी अजून धड बोलणं नाही. बोलतील तेव्हा बोलतील, ते मला सोसलं पाहिजे. पण उठता उठता म्हणाले, "पत्र तसंच टाकू नको. खाली पुरं नाव लिही, कुनाची कोन आन कुठली. नायतर सटाण्यातलं कोन इश्वास ठेवनार?"

तर रेहाना, हे पत्र पेटीत ठेवायचं नाही. ज्या ज्या गोठ्याच्या दारातून तुझ्या आईला परत पाठवलं, तिथं तिथं उभी राहून मोठ्यानं वाच. कालचं पान पहिलं वाच. गुलजारबी, तू मान खाली घालू नकोस. खाली घालायची ती मान मखमलाबादेला आहे.

परत ये असं मी लिहीत नाही. तो हक्क मी घालवला. यावंसं वाटलं तर गोठा तुझा आहे, आणि "तिला माझ्या शेजारी जेवायला बसवीन" असा सासूबाईंचा निरोप आहे, तो जसाच्या तसा कळवते. नाही आलीस तरी राग नाही. तिथंच एखाद्या गोठ्यात तुझ्या हाती जनावर आलं, आणि तू म्हणालीस की आटलेल्या गाईला सावलीत घ्या, आणि त्यांनी ऐकलं, की माझ्या जिवाला थंडावा मिळेल.

तू मला पाच वासरं दिलीस. वर वर्षभर गप्प राहून माझा संसार राखलास. एवढं सख्ख्या बहिणीनंही केलं नसतं, आणि मी तुला साधं ‘ये’ म्हणून निरोपसुद्धा दिला नव्हता. आज म्हणते, गुलजारबी, तुझे उपकार आहेत माझ्यावर. हे मी विहिरीवरही म्हणाले, सगळ्यांदेखत.

खाली काळं उमटलंय ते सासूबाईंच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं, तव्याच्या काजळीनं उठवलेलं. त्या सांगतात तसं लिहिते: "मी लंकाबाई. गल्लीत बोलले ते खोटं व्हतं."

आता माझी सही. ह्यांचं नाव मी जन्मात फक्त उखाण्यात घेतलंय, तेही लाजत, बायकांनी दार अडवलं म्हणून. आज कुणी दार अडवलेलं नाही. तरी घेते, म्हणजे वाचणाऱ्याला पत्ता चुकायला नको.

पाच वासरांची तुझी ऋणी,
एका गाईची तुझी अपराधी,
चंद्रभागा कोंडाजी तिडके